वीज गेली तर काय थांबतं?

आमच्या मागच्या खोलीत एक मास्तर राहायचे. तशी त्या खोलीत भाडेकरू म्हणून पुष्कळ माणसं आली नि गेली. कोण कंपनीतला, कोण रिक्षावाला, कोण नुसताच बायकोशी भांडणारा. त्यांची तोंडंसुद्धा आता आठवत नाहीत. हा एक माणूस मात्र खोली सोडून गेला तरी गेलेला नाही. मी शाळेत फार टिकलो नाही, लिहायची सवय नाही. पण मास्तरांच्या गोष्टी सांगायचं काम आमच्या हिचं होतं. शेजारणी जमल्या की ती त्यांची नक्कल करायची, बायका लोळून हसायच्या. ती गेली. आता सांगायचं तर मलाच सांगायला पाहिजे. चुकलं तर चुकलं.

खोली बघायला येणारा माणूस पाणी किती वेळ येतं ते विचारतो, संडास कुठं ते विचारतो. ह्यांनी विचारलं, "मीटर कुठं आहे?"

दाखवलं. चष्मा कपाळावर चढवला आणि मीटरकडे असे बघत राहिले, जसा मुलगी बघायला आलेला नवऱ्याचा बाप. मग म्हणाले, "दिवा फार भराभर लुकलुकतोय. घरात काय चालू आहे?"

"काही नाही."

"काहीतरी आहे," म्हणाले, आणि सरळ आमच्या घरात. ही भांडी घासत होती. तिला नमस्कार नाही की काही नाही, फ्रिजच्या मागं हात घातला. "मालक, तुम्ही ह्याला भिंतीला चिकटवलाय. ह्याला श्वास घ्यायला जागा नाही. ओढा पुढं."

ओढला. ते गेल्यावर ही म्हणाली, "हा भाडेकरू हाय का चोर?"

"मास्तर हाय. सायन्स शिकवतो."

"मंग बरोबर. घाटावरचा दिसतंय."

आमचं गाव म्हणजे आता नुसती एक गल्ली उरलेली आहे. पनवेल वाढत वाढत आलं, शेती गेली, आणि शेतीच्या जागी टॉवर उभे राहिले. आमचं अंगण जिथं संपतं तिथं टॉवरची भिंत सुरू होते. अंगणात आजोबांच्या वेळची विहीर आहे, रहाट आहे. नळ आल्यावर ती बुजवून भाडेकरूंच्या मोटरसायकली लावायला जागा करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. डबरवाल्याशी बोलणंसुद्धा झालं होतं. मास्तर विहिरीच्या कठड्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मालक, मी इथून उठणार नाही."

"का?"

"पनवेलात जेवढं पाणी वर चढतं ते सगळं विजेवर चढतं. हे एकच हातावर चढतं."

असला युक्तिवाद मला कळत नाही. पण माणूस दुपारी जेवायलासुद्धा उठला नाही. शेवटी हीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे ती विहीर. नायतर हा तिच्यातच जीव देईल, आनि पोलीस आपल्याला विचारतील." विहीर राहिली. मास्तर दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवा दोर घेऊन आले.

रविवारी सकाळी अंगणात त्यांचा वर्ग भरायचा. फुकट. आमच्या गल्लीतली पोरं तर असायचीच, पण टॉवरमधल्या आयाही पोरांना पाठवायच्या, कारण ह्यांच्याकडं केलेल्या प्रोजेक्टला शाळेत मार्क पडतात अशी बातमी होती. विषय एकच. जळण. लाकूड, कोळसा, गॅस, डिझेल, ऊन, वारा, वीज, ह्यांच्या लेखी सगळं जळणच. आणि प्रश्नही एकच. "कुठून आलं? कुठं गेलं?"

ही त्यांना चहा द्यायची. कप हातात घेऊन विचारायचे, "हा चहा कुठून आला?"

"काकूंनी दिला."

"उकळला कशावर?"

"गॅसवर."

"गॅस कुठून आला?"

"सिलिंडरमधून."

"सिलिंडर कुठून आला?"

"टेम्पोतून."

"टेम्पो कशावर चालतो?"

असं करत करत पोरं समुद्राच्या तळापर्यंत पोचायची. तोवर चहा थंड. मग मास्तर विचारायचे, "आता परत गरम करायचा?" सगळी पोरं ओरडायची, "नाही!" मग तो थंडगार चहा घटाघटा पिऊन टाकायचे. एवढी वर्षं आमच्याकडे राहिले, गरम चहा प्यायलेला मी बघितला नाही.

फ्रिजला हात लावायची खोड फक्त आमच्यापुरती नव्हती. गल्लीच्या तोंडाशी चाचांचं दुकान आहे. आमच्याच गावचे कोकणी मुसलमान, मुलगा गल्फला. त्यांचा कोल्ड्रिंकचा मोठा फ्रिज. मास्तर साबण घ्यायला गेले तरी आधी फ्रिजच्या पाठीवरून हात फिरवायचे. चाचा म्हणायचे, "मास्तर, ताप हाय का त्याला? डॉक्टरला बोलवू?" मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "थोडा आहे. उन्हातून आत घ्या." खुदा कसम, ह्या माणसाला बायको नाय म्हणून असा झालाय, असं चाचा मला खाजगीत सांगायचे. पण फ्रिज आत घेतला.

गच्चीवर मास्तरांनी एक काळी पेटी ठेवली होती. वर काच, एका बाजूला आरसा. तिच्यात उन्हावर डाळ-भात शिजायचा. शिजायचा म्हणजे सकाळी ठेवला तर दुपारी. एक दिवस टॉवरचा सेक्रेटरी खाली आला. चांगला शिकलेला, मुंबईला ऑफिस, अंगात इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाला, "काका, तुमच्या गच्चीवरून आमच्या बेडरूममध्ये फोकस येतोय. रविवारी सकाळी झोपू तरी द्या."

मास्तरांनी ऐकलं, वर जाऊन आरसा फिरवला, माफी मागितली. आणि दुपारी वाटीत डाळ घेऊन सातव्या मजल्यावर हजर. म्हणाले, "तुमच्या खिडकीला लागलं तेवढं ऊन डाळीला कमी पडलं. म्हणून जरा कच्ची आहे. सांभाळून घ्या." सेक्रेटरीनं ती डाळ घेतली की टाकली माहीत नाही. वाटी मात्र परत आली नाही. ही वर्षभर मास्तरांना त्या वाटीवरून बोलत होती, कारण वाटी आमची होती.

खंडेनवमीला आपण कोयता, विळा, गाडी सगळ्याची पूजा करतो. मास्तरांनी पोरांना सांगितलं, ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा करायची. मग काय, पोरांनी सिलिंडरला हार घातले, गॅसच्या शेगडीला टिळा, पंपाला फुलं. एका पोरीनं भक्तिभावानं मीटरच्या डबीवर ओलं हळदकुंकू असं भरपूर लावलं, वरून तांब्यातलं पाणी शिंपडलं. ठाप असा आवाज झाला आणि अख्खी गल्ली बंद. चाचांचा फ्रिजसुद्धा. लाइनमन आला, झेंडूचा हार बाजूला करून आत बघितलं नि म्हणाला, "कोणाचं लग्न लावलंय हिच्याशी?" मास्तर रागावले नाहीत. पोरीला म्हणाले, "देवाला पाणी चालतं. विजेला कोरडं कुंकू." तेव्हापासून आमच्या गल्लीत खंडेनवमीला मीटरला कोरडं कुंकू लागतं. आजही लागतं.

आता चुलीची गोष्ट सांगतो. ही हसत सांगायची, मला ती हसत सांगता येत नाही.

घरात गॅस होता. पण मासळी आणि भाकरी चुलीवरच. "गॅसवरच्या भाकरीला चव नाय," हा तिचा कायदा. स्वयंपाकघर बंदिस्त, एवढीशी खिडकी. मास्तर पोरं घेऊन आत शिरले आणि आपला पांढरा रुमाल चुलीच्या वर धरून उभे राहिले. भाकऱ्या होईपर्यंत तसेच उभे. मग रुमाल पोरांना दाखवला. मधोमध काळा गोळा.

ही उखडली. "माझ्या चुलीची परीक्षा घेता? माझ्या सासूनं हिच्यावर रांधलं, तिच्या सासूनं रांधलं. निघा भायेर!"

मास्तर निघाले. रुमाल तिथंच राहिला. तिनं तो धुतला, परत धुतला, सोडा घालून उकळला. डाग गेला नाही. दोरीवर तो काळा रुमाल वाळत पडलेला तिनं बघितला. मग मला म्हणाली, "चूल भायेर पडवीत घ्या." त्या दिवशी मी चूल बाहेर घेतली. पण तोवर व्हायचं ते झालेलं होतं. पुढं दम लागायला लागला, डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि विचारलं, विडी कोण पितं? कोणीच पीत नव्हतं. धुरानं खाल्ली तिला. मास्तर आमच्याकडे उशिरा आले, एवढंच.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. भिंतीतल्या विजेवर चालणारं, तिच्या उशाशी दिवसरात्र घुरघुरणारं. ती म्हणायची, "लगीन झालं तेव्हा तुमचं घोरनं सोसलं, आता ह्याचं."

त्याच सुमारास मास्तरांनी पोरांना नवं काम दिलं. घरोघर जायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. वीज गेली तर तुमच्या घरात काय थांबतं? आणि वीज गेली तरी काय चालू राहतं? पोरं हिंडली. टीव्ही थांबतो, एसी थांबतो, मिक्सर थांबतो, आजोबांची मालिका थांबते. चाचा म्हणाले, "धंदा थांबतो, लिही. आनि चालू काय ऱ्हातो? बायकोचं तोंड." आमच्याकडं तीच मीटरवर पाणी शिंपडणारी पोरगी आली. हिनं नाकातली नळी सरळ केली आणि सांगितलं, "माझा श्वास थांबतो. लिव." पोरीनं लिहिलं, आजीचा श्वास. मग विचारलं, "आणि चालू काय राहतं?" ही म्हणाली, "रहाट हाय की. तो कुठं विजेवर चालतंय."

संध्याकाळी मास्तरांनी ते वाचलं आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टॉवरच्या सेक्रेटरीकडं गेले. टॉवरला डिझेलचा जनरेटर होता. मास्तरांचं म्हणणं एवढंच, की वीज गेली तर भिंतीवरून एक तार आमच्या घरात द्यावी, एका मशीनपुरती. सेक्रेटरी म्हणाला, "सर, भावना समजते. पण उद्या कोणाला शॉक लागला तर जबाबदार कोण? मेंबर मला धरतील."

मी तापलो. म्हटलं, चार शिव्या घालून येतो. मास्तर म्हणाले, "नको. माणूस बरोबर बोलतोय. त्याला अजून प्रश्न कळलेला नाही, एवढंच." मी म्हटलं, मास्तर, तुमचा प्रश्न राहू दे बाजूला, इथं माझी बायको आहे. मग त्यांनी ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणून ठेवला आणि त्याचा काटा कसा वाचायचा ते मला दाखवलं.

मग वादळ आलं. कर्नाळ्याच्या बाजूला झाडं आडवी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा. रिक्षासुद्धा आत येईना. वीज गेली ती गेली. मशीन बंद, ही सिलिंडरवर. सिलिंडरवाला फोनवर म्हणाला, गाडी निघणार नाही, रस्ता मोकळा झाला की बघू. काटा खाली खाली येत होता. लाल रेघेला लागला की हिला खाटेसकट उचलून हमरस्त्यापर्यंत न्यायचं, असं मी, चाचा आणि मास्तरांनी ठरवलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "दवाखान्यात नको. तिथं माझ्या ओळखीचं कोन नाय." तिला हवा लागावी म्हणून खाट ओटीवर आणून ठेवली.

इकडं टॉवरचं पाणी संपलं. शहराला पाणी सोडणारे पंपच बंद, तर टाकीत येणार कुठून? लोक बादल्या, बाटल्या, पोरांचे टब घेऊन आमच्या फाटकाशी आले. सगळ्यात पुढं सेक्रेटरी. शर्टाला इस्त्री नव्हती.

मी दोर हातात धरून उभा राहिलो. म्हटलं, "पाणी पाहिजे? तार दिली होती का?"

मास्तर पायरीवर बसलेले. आवाज आला तो ओटीवरून, बारीक, मधेमधे तुटणारा. "अवो... सोडा पानी. विहिरीला कुलूप... लावतात का कुठं?"

तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही, तेव्हा काय चालणार? फाटक उघडलं. मी बादली सोडायला लागलो तर मास्तर उठले. "मालक, पाणी द्या. पण काढून देऊ नका. ज्याचं त्यानं काढायचं."

पोरांना रहाट माहीत होता, रविवारी ओढलेला होता. ती आईबापांना शिकवायला लागली. सेक्रेटरीची पाळी आली. अर्ध्यावर दोर निसटला आणि बादली धाडकन खाली. चाचा म्हणाले, "साहेब, ते लिफ्टचं बटन नाय, खेचावं लागतं!" लोक हसले, तोही हसला. पण मागं हटला नाही. दुसरी बादली वर आणली, तिसरी आणली आणि कठड्याला धरून उभाच राहिला. तोंडानं हवा ओढत होता, छातीवर हात.

मास्तरांनी त्याला दंडाला धरलं. "दम लागला? या, बसा इथं." आणि आणून बसवलं ते हिच्या खाटेच्या कडेला.

हिनं त्याच्याकडं बघितलं. स्वतःच्या उशाचा तांब्या पुढं केला. "प्या. हलू प्या. दोन घोट... मंग श्वास. घाई करू नये. मी असंच करतंय."

तो प्यायला. त्याचा श्वास खाली बसला. हिचा तसाच होता. त्यानं सिलिंडरकडं बोट केलं. "हे काय आहे?"

"काटा हाय," ती म्हणाली. "तो झोपला की मी झोपली."

तो माणूस उठला. बादली तिथंच टाकली आणि भिंतीशी जाऊन पलीकडच्या वॉचमनला अशी हाक मारली, की सातव्या मजल्यावरही ऐकू गेली असेल. टॉवरचा वायरमन आला, जाड तार भिंतीवरून आली, पोरांनी ती जमिनीला लागू नये म्हणून पेरूच्या फांदीवरून घेतली. मशीननं एक शिट्टी मारली आणि घुरघुरायला लागलं. मी विहिरीपाशी चिखलातच बसलो.

मास्तरांनी काय करावं? आत गेले आणि मशीनच्या पाठीवर हात ठेवला. "गरम होतंय," म्हणाले. "भिंतीपासून पुढं ओढा."

डिझेल पुरवायचं म्हणून त्या पोरांनी लिफ्ट बंद करायला लावली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारापुढं एकेक पोर मांडी घालून बसलेलं. "आजीचा श्वास चालू आहे, जिन्यानं जा." सेक्रेटरी बादली घेऊन सात मजले चढला. तक्रार करायची कोणाकडं, सेक्रेटरी तोच होता. वीज येईपर्यंत टॉवर आमचं पाणी प्यायला आणि ही टॉवरची वीज. पुढं रीतसर बटण, फ्यूज बसवून ती तार कायमची झाली. ज्या दिवशी ती पक्की बसली, त्या दिवशी आमची वाटी परत आली. वाटीत सेक्रेटरीच्या बायकोनं केलेली खीर होती.

पुढच्या खंडेनवमीला हिनं स्वतः त्या तारेला झेंडू बांधला, कोरडं कुंकू लावलं. रहाटालाही लावलं. मास्तरांना म्हणाली, "तुमाला लावू का? तुमी पन आमचं जलनच की." मास्तरांनी कपाळ पुढं केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. सकाळची वेळ, ऊन स्वच्छ. वीज होती. मशीन चालू होतं. तरी गेली.

तिनं मला सांगून ठेवलं होतं. "मला लाकडावर नको. धूर लय खाल्ला मी. बटनावर जाला." भावकी कुरकुरली, आपल्यात असं करत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, आपल्यात काय करतात ते ती मेल्यावर मला शिकवू नका. विद्युतदाहिनीत नेली. मला मनात एकच भीती, मध्येच वीज गेली तर? मागं वळून बघितलं तर मास्तर माणसांत नव्हते. पॅनेलच्या खोलीच्या दाराशी उभे होते, चष्मा कपाळावर, नजर मीटरवर. सगळं होईपर्यंत तिथून हलले नाहीत. परत येताना रिक्षात माझ्या शेजारी बसले. जन्मभर प्रत्येक गोष्टीला कुठून आलं, कुठं गेलं विचारणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

मास्तर रिटायर झाले आणि घाटावर आपल्या गावी गेले. फोन येतो. तब्येत नंतर विचारतात, आधी मीटर. मी बाहेर जाऊन बघून सांगतो. आकडा एवढा कमी ऐकून म्हणतात, "मालक, दिवा तरी लावता ना?" लावतो म्हणतो.

तार अजून भिंतीवरच आहे. आतून बंद केलेली आहे, पण काढलेली नाही. तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय. अर्धी घोसाळी टॉवरच्या बाजूला लोंबतात, ती सेक्रेटरी तोडतो, आमच्या बाजूची मी.

परवा रविवारी मीटरवर पाणी शिंपडणारी ती पोरगी आली. आता कॉलेजात जाते, मास्तरांचा वर्ग तीच चालवते. सोबत लहान पोरांचं लेंढार. तिनं एका चिमुरडीला पुढं ढकललं. चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, वीज गेली तर तुमच्या घरात काय थांबतं?"

मोठीनं मान खाली घातली. मी म्हटलं, "आता काही थांबत नाही. लिही, काही नाही."

लिहिलं. मग दुसरा प्रश्न. "आणि वीज गेली तरी काय चालू राहतं?"

मी उठलो, रहाटावरचा दोर सोडला. "रहाट लिही. त्याच्याखाली माझं नाव लिही. आणि वही ठेव बाजूला, एक बादली ओढून दाखव."